लाल प्लग १९३८ चा की नंतरचा? सॅमनच्या एका जुन्या पेटीची ओळख पटवताना

पार्श्वभूमी

प्रकरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं, सिएटलजवळचं आहे. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यातला तरुण कोकणातला. लहानपणी खाडीवर गरवायला जायचा आणि नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाला. जुनी लाकडी आमिषं जमवायचा नाद त्याला तिथेच लागला. आपण त्याला नुसतं मित्र म्हणू. मी हाच उद्योग त्याच्याहून जास्त वर्षं करतो आहे, म्हणून तो मला अधूनमधून फोटो पाठवून विचारतो. या प्रकरणात माझं काम तेवढंच होतं.

मित्राच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात. त्यांचे वडील बॅलर्डमध्ये नावा बांधणारे सुतार होते. बॅलर्ड आज सिएटलचाच भाग आहे, पण एके काळी नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या कोळ्यांची आणि सुतारांची ती दाट वस्ती होती. जवळच सॅमन बेवर १९१४ पासून मच्छीमार बोटींचा मोठा धक्का आहे. बाई घर आवरायला निघाल्या तेव्हा माळ्यावरून वडिलांची गळाची पेटी खाली आली. आत चौतीस लाकडी प्लग, शिशाची वजनं, पितळी चमचे (चमच्याच्या आकाराची आमिषं), दोन पुठ्ठ्याचे डबे आणि एक फोटो होता.

ज्यांनी प्लग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सॅमनचा प्लग म्हणजे साधारण तीन ते सात इंच लांबीचा लाकडी मासा, बहुधा सीडरचा. त्याचं डोकं तिरकं कापलेलं असतं. नाव हळू चालवत तो मागे ओढला की पाण्याचा दाब त्या तिरक्या तोंडावर येतो आणि प्लग जखमी हेरिंग माशासारखा डावी-उजवीकडे झोकांड्या खात जातो. गोड्या पाण्यातल्या बास माशासाठीच्या आमिषात गळ थेट लाकडात पक्के बसवलेले असतात. सॅमनच्या बऱ्याच प्लगांची रचना वेगळी असते. मासा लागला की गळ लाकडापासून सुटतो, प्लग दोरीवरून वर सरकतो आणि मासा नुसत्या गळावर राहतो. कारण उघड आहे. पंधरा किलोचा चिनूक, म्हणजे सॅमनमधली सगळ्यात मोठी जात, डोकं झटकायला लागला की सहा इंचांच्या लाकडाची तरफ होते आणि स्क्रू उपटून येतात.

दोन महायुद्धांच्या मधला काळ आणि नंतरची काही वर्षं हा या लाकडी प्लगांचा भराचा काळ. सिएटलच्या मिन्सर टॅकल कंपनीचे 'लकी लुई', मार्टिनचे प्लग, केंट गावातल्या शॉफचा माल ही त्या किनाऱ्यावरची ओळखीची नावं. पुढे प्लास्टिक आलं. कॅनडाच्या बाजूला सूकमध्ये टॉमिकचे प्लास्टिकचे प्लग निघू लागले. केलोनाच्या लायमनने मात्र सीडर सोडलं नाही.

अडचण काय होती

बाईंना पेटी काढून टाकायची होती, पण त्यातल्या एका प्लगावर त्यांचा जीव होता. सहा इंची, भडक लाल. घरातली कथा अशी: बाबांनी १९३८ साली ब्रिटिश कोलंबियात कॅम्पबेल रिव्हरला वल्ह्याच्या नावेतून मोठा 'टायी' पकडला, तो याच प्लगावर. तीस पौंडांहून, म्हणजे साडेतेरा किलोंहून जड चिनूकला तिकडे टायी म्हणतात. तिथे १९२४ साली स्थापन झालेला टायी क्लब आहे. वल्ह्याच्या नावेतून, कृत्रिम आमिषावर, ठरल्या ताकदीच्या दोरीने असा मासा पकडला की क्लबचं सदस्यत्व मिळतं.

एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने फोनवरचे फोटो बघून अख्ख्या पेटीचे सहाशे डॉलर देऊ केले होते. अट एवढीच की लाल प्लग आणि तो फोटो त्यातच हवेत. बाईंनी मित्राला विचारलं, हा भाव बरोबर आहे का? आणि पुढच्याच वाक्यात म्हणाल्या, तुलाच हवी असेल तर तूच घेऊन जा, पैशांचं राहू दे.

प्रश्न तीन होते आणि ते एकमेकांत अडकले होते. पेटीत नेमकं काय आहे? त्यातला लाल प्लग खरंच १९३८ चा आहे का? आणि ज्याला पेटी घ्यायची इच्छा आहे त्यानेच तिची किंमत सांगावी का?

पहिला निर्णय: आधी ओळख, मग व्यवहार

मित्रापुढे तीन वाटा होत्या. पेटी तिथल्या तिथे ठोक भावाने विकत घ्यायची आणि नंतर सावकाश अभ्यास करायचा. व्यापाऱ्याला द्या म्हणून अंग काढून घ्यायचं. किंवा बाईंच्या वतीने पूर्ण यादी करायची आणि ती त्यांच्या हातात पडेपर्यंत एकही नग घ्यायचा नाही.

पहिली वाट कायद्याने चुकीची नव्हती, आणि या छंदातले बरेच जण तीच धरतात. घेणाऱ्याला जास्त कळतं हा जुन्या वस्तूंच्या बाजाराचा पायाच आहे, असंही ते म्हणतील. अनोळखी माणसाच्या गराज सेलमध्ये मीही त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण शेजाऱ्याने "बघून सांग" म्हटल्यावर आपण खरेदीदार उरत नाही, सल्लागार होतो. मित्राने तिसरी वाट धरली आणि बाईंना तसं स्पष्ट सांगितलं: यादी होईपर्यंत मी काहीही घेणार नाही, नंतर काही घ्यावंसं वाटलं तर भाव दुसरा कोणी ठरवेल. व्यापाऱ्याला बाईंनी थांबायला सांगितलं. तो थोडा कुरकुरला, पण थांबला.

तपासणी

सुरुवात बिघडली. पहिल्याच प्लगावरची काजळी मित्राने हात पुसायच्या सॅनिटायझरवाल्या पुसणीने काढायला घेतली आणि तपकिरी चिकट थर बोटावर आला. तो मळ नव्हता, लाखेचं पॉलिश होतं. आपल्याकडचा कुठलाही जुना सुतार सांगेल की लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, मग स्पिरिट लावल्यावर ती निघणारच. त्या प्लगाच्या पाठीवर आता अंगठ्याएवढा डाग आहे. त्यानंतर मऊ कोरड्या ब्रशापलीकडे कशालाही हात लावला नाही.

मग क्रम बसला. प्रत्येक प्लगाला चिठ्ठीवर नंबर, मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी फोटो, लांबी, वजन, आणि दोरी अडकवायची व गळाची जागा. नाव वाचता आलं ते नऊच. बाकीच्यांसाठी नाव सोडून धातू, रंग आणि लाकूड यांच्याकडे वळावं लागलं.

इथे एक गोष्ट मित्राला पुन्हा पुन्हा सांगावी लागली. बहुतेक खुणा एकाच बाजूने बोलतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू घ्या, ज्याला आपल्याकडे सर्रास स्टार म्हणतात. पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सने त्याची पेटंटं १९३६ मध्ये मिळवली. म्हणजे असा स्क्रू मुळात बसवलेला प्लग त्याआधीचा असू शकत नाही. पण सरळ चिरेचा स्क्रू दिसला म्हणून प्लग १९३६ पूर्वीचा ठरत नाही, कारण तसे स्क्रू आजही दुकानात मिळतात. नवी खूण दिसली तर तारीख पुढे ढकलावीच लागते. जुनी खूण दिसली तर फारसं काहीच सिद्ध होत नाही. ऑनलाइन विक्रीत "सरळ स्क्रू आहेत, म्हणजे युद्धापूर्वीचा" असं छातीठोकपणे लिहिलेलं दिसतं. ते वाचून पैसे मोजणारे भेटतात, म्हणून लिहिणारेही लिहीत राहतात.

पुठ्ठ्याच्या डब्यांनी हाच धडा आणखी नीट दिला. एका डब्यावर पत्ता होता तो सिएटल, मग एक छोटा आकडा, मग राज्याचं नाव. अमेरिकेत मोठ्या शहरांना असे टपाल-विभागाचे आकडे १९४३ मध्ये मिळाले आणि १९६३ मध्ये पाच आकड्यांचा झिप कोड आला. त्यामुळे हा छापील डबा बहुधा त्या वीस वर्षांतला. दुसऱ्या डब्यावर विभागाचा आकडा नव्हता. मित्र खूश झाला. "काका, हा १९४३ च्या आधीचा!"

मी म्हटलं, "दिवे घालव आणि यूव्ही टॉर्च मार."

पुठ्ठा निळसर पांढरा चमकला. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून आपल्याकडे टिनोपाल घालायचे, त्याच जातीची रसायनं साधारण १९५० पासून कागदातही येऊ लागली. जुना पुठ्ठा असा उजळत नाही. म्हणजे डबा एक तर पन्नाशीनंतरचा, किंवा हौशी संग्राहकांसाठी अलीकडे छापलेली नक्कल. छापणाऱ्याने विभागाचा आकडा का गाळला ते त्यालाच ठाऊक. शिवाय डब्याच्या टोकावर लिहिलेली लांबी आणि आतल्या प्लगाची लांबी यांत इंचभर फरक होता. गरवणारा माणूस संध्याकाळी ओल्या हातांनी प्लग हाताला येईल त्या डब्यात टाकतो. डबा आणि आतला माल एकाच दुकानातून एकत्र आले असं धरून चालता येत नाही.

चुंबकाने पोलादी आणि पितळी भाग वेगळे झाले. अकरा प्लगांनी तर वेगळंच काही सांगितलं. त्यांच्यावर कोणतंही नाव नव्हतं आणि एकाचा आकार दुसऱ्याशी जुळत नव्हता. भिंगातून पटाशीचे छोटे सपाट काप स्पष्ट दिसत होते, लेथवर फिरवलेल्या लाकडावर येतात तशा गोल रेघा नव्हत्या. गळाची कडी धरायला स्क्रूऐवजी तांब्याचा खिळा आरपार घातलेला, आणि पलीकडच्या टोकाला तांब्याची छोटी चकती बसवून वर ठोकून बोथट केलेला. लाकडी नावेच्या फळ्या अशाच जोडतात. रंगही नावेला लावायचा जाड इनॅमल, ब्रशाच्या केसांच्या रेघांसकट. हे बाईंच्या वडिलांनी कामावरून उरलेल्या तुकड्यांतून केलेले प्लग आहेत, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही. व्यापाऱ्याच्या लेखी त्यांची किंमत शून्य होती. मला पेटीतलं सगळ्यात चांगलं काम हेच वाटलं.

चार प्लगांच्या पोटाला रंग वितळल्यासारखा झाला होता. हा मऊ प्लास्टिकचा प्रताप. सॅमनवाले माकुळाच्या आकाराची मऊ प्लास्टिकची झालर वापरतात, तिला तिकडे हूची म्हणतात. हूचीतलं तेलकट रसायन शेजारच्या रंगात उतरतं आणि लॅकर मऊ पडून चिकटतो. पेटीच्या तळाशी अशा सात-आठ हूच्या होत्या, काही थेट प्लगांना लागून.

लाल प्लग

बाकीची पेटी चार संध्याकाळी बघून झाली. या एका प्लगावर त्याहून जास्त वेळ गेला.

लाल रंग यूव्हीखाली धगधगला. हा साधा लाल नव्हता, फ्लुरोसंट होता. रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटांवर असतो तसा रंग. तो विकसित केला रॉबर्ट आणि जोसेफ स्वित्झर या भावांनी. सुरुवात १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात झाली, दुसऱ्या महायुद्धात लष्कराने इशाऱ्याच्या फलकांसाठी तो वापरला, आणि साध्या दुकानांत तो पोचला युद्धानंतर. म्हणजे १९३८ च्या उन्हाळ्यात बॅलर्डच्या सुताराच्या प्लगावर हा रंग असणं जवळजवळ अशक्य.

मित्राने लगेच निकाल दिला, "खोटी कथा." मी त्याला थांबवलं. सिद्ध झालं होतं ते एवढंच, की वरचा रंग नंतरचा आहे. लाकडाबद्दल अजून कोणी काही बोललं नव्हतं.

मागच्या गळाजवळ, जिथे गळ लाकडावर आपटून आपटून खड्डा पडतो, तिथे रंगाचा टवका उडाला होता. भिंगाखाली कडेला थर मोजता आले. वर फ्लुरोसंट लाल. त्याखाली दाट पांढरा. फ्लुरोसंट रंग पांढऱ्या अस्तराशिवाय उठून दिसत नाही, म्हणून तो आवश्यकच. त्याखाली दुधी, किंचित पिवळट, तिरक्या उजेडात मोत्यासारखी झाक मारणारा थर. आणि मग लाकूड. त्या काळात माशाच्या खवल्यांपासून काढलेलं मोतिया रंगद्रव्य लॅकरमध्ये मिसळत, आणि मोतिया फिनिश हे सॅमनच्या प्लगांचं आवडतं रूप होतं. म्हणजे हा प्लग जन्माने मोतिया होता, आणि नंतर कोणीतरी त्याला लाल केला.

स्क्रूंनीही दुजोरा दिला. चिरा लाल रंगाने भरलेल्या आणि रंगाला कुठेही भेग नाही. लाल रंग लावल्यानंतर स्क्रू एकदाही फिरवलेले नाहीत, म्हणजे धातूकाम त्या रंगाच्या आधीचं. डावा डोळा काचेचा होता. उजवा पडून गेल्यावर तिथे गोल डोक्याची चूक ठोकलेली होती, आणि तिच्यावरूनही लाल रंग गेलेला. गरवणारे लोक प्लग सर्रास पुन्हा रंगवतात. यंदा अमुक रंग चालतो असं धक्क्यावर कळलं की घरी येऊन ब्रश काढायचा.

मग फोटो. टोपी घातलेला तरुण माणूस, खांद्यावरून लोंबणारा मासा, आणि माशाच्या जबड्याजवळ फिकट रंगाचा प्लग. त्या काळातली कोडॅकची घरगुती व्हेरिक्रोम फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, लाल वस्तू तिच्यावर काळपट येई. फोटोतला प्लग जवळपास पांढरा आहे. मोतिया असेल तर हे बसतं, लाल असेल तर बसत नाही. इथवर घरातली कथा थोडी बदलून का होईना, तगत होती.

पण फोटोच्या मागे "१९३८, कॅम्पबेल रिव्हर" असं लिहिलं होतं ते बॉलपेनने. दाब दिल्याने उमटलेली खोल रेघ, मधेच शाईचा गोळा, सगळी लक्षणं स्पष्ट. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. म्हणजे साल नंतर कधीतरी आठवून लिहिलेलं. ते चुकलंच असेल असं नाही. पण ते साक्षीदाराचं साल आहे, घटनेच्या दिवशी कोणी टिपून ठेवलेलं नव्हे.

खरवडायचं की नाही

मित्राला पोटाकडच्या बाजूला अर्ध्या सेंटिमीटरची 'खिडकी' उघडून खालचा मोतिया थर दाखवायचा होता. दुसरा पर्याय होता पूर्ण लाल रंग उतरवून मूळ रूप आणायचं. काही लोक हे करतात आणि मग "रिस्टोअर्ड" लिहून विकतात. तिसरा पर्याय, एखाद्या प्रयोगशाळेत न खरवडता रंगातली मूलद्रव्यं तपासून घ्यायची. चौथा, जसं आहे तसं ठेवायचं.

आमचा वाद झाला. त्याचं म्हणणं, खिडकी छोटी आहे, कळणारही नाही. माझं म्हणणं, टवक्याने सगळं आधीच दाखवलं आहे. खिडकीतून तेच मोठ्या आकारात दिसेल, नवं काही कळणार नाही. आणि लाल थर हा काही नंतरचा कचरा नव्हे, बाईंनी लहानपणापासून ओळखलेला प्लग लालच आहे. प्रयोगशाळेचा खर्च प्लगाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला असता, आणि मोतिया थर युद्धापूर्वीचा की नंतरचा हे तिथेही बहुधा ठरलं नसतं, कारण मोतिया प्लग दोन्ही काळांत निघत होते. शेवटी चौथा पर्याय राहिला. चिठ्ठीवर लिहिलं: "लाकूड व धातूकाम: युद्धापूर्वीचं असणं शक्य, सिद्ध नाही. वरचा लाल रंग: युद्धानंतरचा. बनवणारा: अनिश्चित."

बनवणारा अनिश्चित का? कारण नाव असलेल्या नऊ प्लगांशी डोक्याचा उतार, डोळ्याची जागा आणि गळाची बांधणी ताडून पाहिली तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांशी निम्मं-निम्मं साम्य निघत होतं. विक्रीच्या पानावर यातलं महाग नाव टाकायचा मोह होतो. नाव टाकलं की पुढचा माणूस ते पुरावा म्हणून वापरतो, त्याच्या पुढचाही, आणि दहा वर्षांनी तीच 'माहिती' होऊन बसते.

बाईंना काय सांगायचं

हा निर्णय मी मित्रावर सोडला. प्लग कुटुंबाकडेच राहणार असेल तर रंगाबद्दल बोलायची गरज काय, असा विचार त्याच्या मनात आला होता. पण व्यापाऱ्याची अट लाल प्लग आणि फोटो या जोडीवरच होती. तो ती जोडी "१९३८ चा टायी प्लग, फोटोसह" म्हणून विकणार हे उघड होतं. बाईंना ते कळणं आवश्यक होतं.

त्याने सगळं सांगितलं, टवका भिंगातून दाखवला. बाई जराही खट्टू झाल्या नाहीत. उलट म्हणाल्या, हो, बाबा हिवाळ्यात तळघरात बसून प्लग रंगवायचे, मला तो वास आठवतो.

इथे मी थबकलो. त्याआधी त्यांनीच दोन वेळा सांगितलं होतं की बाबांनी तो लाल प्लग नवाकोरा विकत घेतला आणि पहिल्याच दिवशी मासा लागला. आता नवी आठवण आली ती खरी, विसरलेली आणि टवका पाहून जागी झालेली असेल. किंवा आपण दाखवलेल्या पुराव्याशी जुळवून घेतलेली असेल. बाई खोटं बोलत होत्या असं मुळीच नाही, कोणाचीही आठवण असं करते. पण आता या दोन शक्यता वेगळ्या करायला मार्ग उरला नाही.

निकाल

व्यापाऱ्याला नकार गेला. नाव वाचता आलेले नऊ प्लग आणि एक खरा डबा ऑनलाइन सुटे विकले. वर्णनात जे दिसतं तेवढंच लिहिलं, दोष फोटोसकट. उजळणारा डबा "बहुधा नक्कल" असं लिहून विकायला ठेवला, तो कोणी घेतला नाही. नाव नसलेले, कारखान्यातले वाटणारे नऊ प्लग एका ढिगात गेले. रंग वितळलेल्या चारांना फारसं काही आलं नाही. विकलेल्यांपैकी तीन प्लग मित्राने घेतले. भाव तिसऱ्या एका संग्राहकाने, घेणारा कोण हे न सांगता ठरवून दिला होता.

सगळं मिळून रक्कम व्यापाऱ्याच्या सहाशेपेक्षा थोडीच जास्त झाली. टपाल, कमिशन आणि मित्राच्या संध्याकाळी धरल्या तर तोटाच. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टींत शेवटी घबाड निघतं असा समज आहे. फरक एवढाच पडला की वडिलांच्या हातचे अकरा प्लग, लाल प्लग आणि फोटो घरात राहिले. ठोक सौद्यात ते गेले असते. अकरापैकी दोन बाईंच्या नातवाला पाण्यात चालवून बघायचे होते. तिथल्या समुद्रात सॅमनसाठी काटेदार दात नसलेला गळ सक्तीचा आहे, आणि सिएटललगतच्या प्युजेट साउंड या खाडीतला चिनूक १९९९ पासून संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहे. त्यामुळे जुने गळ जागच्या जागी ठेवून, नव्या लाकडाच्या दोन प्रतिकृती करायचं ठरलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं, बाईंची हकिगत आधी, त्यांच्याच शब्दांत, ध्वनिमुद्रित करून घ्यायला हवी होती. भिंग, टॉर्च, तारखा सगळं नंतर. दोन बैठका आधी नुसत्या ऐकण्यात घालवल्या असत्या तर "नवाकोरा" आणि "तळघरातला वास" यांतलं आधीचं कोणतं हे निदान कागदावर राहिलं असतं. पेटी हाताशी असली की हात आधी पेटीकडे जातात.

दुसरं, हूच्या पहिल्याच संध्याकाळी बाहेर काढायच्या. डबे, स्क्रू, तारखा यांच्या चर्चेत त्या पेटीतच राहिल्या. ऑगस्टमधल्या गरम गराजमध्ये आणखी एका प्लगाचा रंग त्यांनी खाल्ला. पेटी उघडल्यावर फोटो काढा, आणि लगेच सगळं मऊ प्लास्टिक वेगळ्या पिशवीत घाला. ओळख पटवायचं काम महिनाभर थांबू शकतं, ते रसायन थांबत नाही.

तिसरं, पुसणीबद्दल वर आलंच आहे. पुसायचंच असेल तर गळाच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी, ओल्या कापसाच्या बोंड्याने आणि नुसत्या पाण्याने सुरुवात करावी. तेही लाकूड उघडं पडलेलं असेल तिथे नको.

चौथ्यावर माझं आणि मित्राचं अजून एकमत नाही. त्याला वाटतं, नाव नसलेल्या नऊ प्लगांचा ढीग घाईने विकला. १९७६ पासून चालू असलेल्या नॅशनल फिशिंग लूर कलेक्टर्स क्लबच्या एखाद्या मेळाव्यात नेऊन जाणकारांपुढे मांडले असते तर त्यातल्या दोन-तीनांना नाव मिळालं असतं. सिएटलच्या सार्वजनिक वाचनालयात शहराच्या जुन्या पोल्क डिरेक्टऱ्या, म्हणजे नाव-पत्त्यांची छापील पुस्तकं, आहेत, त्यांतून छोट्या कारखान्यांचे पत्ते आणि साल जुळवता येतात. हे सगळं खरं. पण बाईंना घर रिकामं करायचं होतं आणि तारीख ठरलेली होती. कोणाच्या सोयीने काम चाललं आहे हे मधूनमधून आठवावं लागतं.

एक काम अजून चालू आहे. टायी क्लब वजन केलेल्या टायींची नोंद ठेवतो. बाईंच्या वडिलांचा मासा वल्ह्याच्या नावेतून, नियमाने पकडलेला असेल आणि वजनाला नेला असेल तर नाव, साल आणि पौंड सापडायला हवेत. मित्राने पत्राचा मसुदा मला दाखवला. त्यात लिहिलं होतं, "१९३८ च्या नोंदीत हे नाव आहे का?" ते बदलून आता "१९३० ते १९६० मधल्या कोणत्याही वर्षी हे आडनाव आढळतं का?" असं केलं आहे. नाव सापडलंच तर आमिषाचा रकाना भरलेला आहे का, हेही विचारलं आहे.